म्हतारी उशिरा ऐकते

डोमाजीले अमरावतीले न्याचं का अकोल्याच्याच दवाखान्यात राहू द्याचं, एवढं केशरबाईले ठरवाचं होतं. नवरा खाटेवर पडून, छातीत कफ दाटलेला, ताप उतरता उतरत नाई. दीर धर्मपाल तेल्हाऱ्याहून आला तो गाडी सांगूनच.

"वयनी, इंजेक्शन देऊन झालं. फरक काई नाई. चाला अमरावतीले."

"थांबा भाऊजी. म्हतारी उशिरा ऐकते."

हा बोल डोमाजीचाच. छप्पन साली दीक्षा घेऊन आला, अन् मंग तेल्हाऱ्याची कापसाची जिन सोडून अकोल्यात तेलाच्या कारखान्यात लागला. तिथं ढेपेत उरलेलं तेल काढाले पेट्रोलासारखं एक औषध टाकत. ते औषध तेलातून उडवाले उंच लोखंडी टावर होता, आत एकावर एक थाळ्या, खालून वाफ. वाफेचं चाक डोमाजीच्या हाती.

जिनात दांडा ओढला का रूळ तिथंच थांबे. डोमाजीले तेच ठाऊक. त्यानं चाक फिरवलं, शेंड्यावरच्या गरमीचा काटा काई हालला नाई. अजून फिरवलं. अजून. मंग काटा असा धावला का तेलाचा फेस शेंड्यावरून पार औषधाच्या टाकीत गेला. सारं खराब.

मिस्त्री खुशालराव म्हने, "बहिरी म्हतारी हाय ते, डोमाजी. एकदा सांगावं अन् थांबावं. तीनदा सांगशीन तर तिन्ही बार ऐकते अन् मंग घर डोक्यावर घेते." मंग खडूनं फरशीवर काढून दाखवलं. खालची थाळी तापते, मंग तिच्या वरची, मंग तिच्या वरची. शेंड्यावर काय होईन ते खाली पयलेच ठरून गेलेलं असते.

तवापासून डोमाजी चाक जरासं फिरवे अन् तंबाखू मळत बसे. बिडीले तिथं बंदी. "हे तोंडात विरली का काटा चढन," म्हने. अन् चढे.

घरी सांगे तवा केशरबाई चिडवे, "तंबाखू खाले बहाना भेटला तुमाले. मले हाक मारून बी तसेच बसता. मी का बहिरी आहो?"

म्हनून इंजेक्शनचा गुण याची वाट पाहत ते खाटेच्या पायथ्याशी थांबून राह्यली. दुपारी त्याचे तळपाय थंड लागले. तिनं चोळले. चोळता चोळता पोटऱ्या थंड. मंग गुडघे.

तिचा हात थांबला. टावर तिनं कदी पाह्यला नोता. पन खालून वर कसं जाते, ते त्यानं किती बार सांगतलं होतं.

"वयनी, गाडीवाला घाई करून राह्यला."

"त्याले जाऊ द्या भाऊजी. पोरीले, इंदूले, तिच्या सासरहून घेऊन या."

"काहून?"

उशाशी डोमाजीची चंची होती. चिमूटभर तंबाखू तिनं तळहातावर घेतली, मळत बसली. दुसरा हात त्याच्या छातीवर ठेवला. तिथं अजून गरम होतं.