उरलेल्या धगीवर

कडक जाऊन आता महिना होत आला, तरी मला त्याचा राग येतो. गेलेल्या माणसावर कुणी रागावत नाही, पण मी रागावतो. मी शिंपी आहे. चांगलं कापड हकनाक वाया गेलं की मला दिवसभर चैन पडत नाही, आणि हा तर माणूस होता.

कडक हे काही त्याचं नाव नव्हे. तो इस्त्रीवाला होता. गिऱ्हाइकं जाता जाता "कडक कर रे" म्हणायची, तेच त्याला चिकटलं. अंगानं काडी, आवाज त्याहून बारीक. त्याचं दुकान आणि माझं दुकान म्हणजे खरं तर एकच खोली, मध्ये प्लायवूडचा पडदा. अलीकडे माझं शिलाई मशीन, पलीकडे त्याचं टेबल आणि विजेचा मीटर दोघांत एक. त्यामुळे बिल आलं की भांडण ठरलेलं. "तुझी इस्त्री मीटर पळवते," मी म्हणायचो. "आणि तुझा पंखा दिवसभर कुणाला वारा घालतो? त्या पुतळ्याला?" तो पलीकडून विचारायचा. मग अबोला. तो चहा येईपर्यंत टिकायचा.

वीज वाचवायची त्याची स्वतःची एक रीत होती. जाड कपडे आधी उरकायचे: चादरी, जीन्स, शाळेचे गणवेश. मग बटण बंद करायचं आणि इस्त्रीत उरलेल्या धगीवर रुमाल, ओढण्या, तान्ह्या मुलांचे कपडे काढायचे. त्यांना तो 'फुकटातले कपडे' म्हणायचा. इस्त्री निवत जायची तसा कपडा पातळ होत जायचा, आणि त्याचा अंदाज कधी चुकला असं मला आठवत नाही. शेवटच्या रुमालाची घडी घालून तो पडद्याच्या कडेनं माझ्याकडे बघायचा. वीज कंपनीला गंडवल्याचा केवढा आनंद असायचा त्या तोंडावर!

विडी-सिगारेटला त्यानं कधी हात लावला नाही. पण पोरवयात वडिलांच्या हाताखाली कोळशाची इस्त्री चालवली, निखारे फुंकून फुंकून धूर गिळला, तो म्हातारपणी वर आला. आधी जिना चढताना दम लागायचा, मग चालताना, मग बोलतानासुद्धा. दुकान सुटलं. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. पलंगाशेजारी ठेवायचं, विजेवर चालणारं. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढतं आणि नळीनं नाकात सोडतं. "रात्रभर आणि दिवसाही जास्तीत जास्त वेळ लावायचं," डॉक्टरांनी त्याला आणि त्याच्या बायकोला, आमच्या वहिनींना, समोर बसवून बजावलं. "बंद ठेवलंत तर हृदयावर ताण येईल. मग माझ्या हातात काही राहणार नाही." मी तिथेच होतो. त्यानं शहाण्या मुलासारखी मान हलवली होती.

वहिनी दुपारी एका पाळणाघरात कामाला जायच्या, पण त्या पगारात घर जेमतेम चालायचं. मशीनचं भाडं आणि विजेचं बिल लेक भरायची. ती दुसऱ्या शहरात नोकरीला, एकुलती एक. बापाला ते लागलं होतं. "इतकी वर्षं श्वास फुकट होता, मास्तर," तो मला एकदा म्हणाला. "आता त्याचं बिल येतं. आणि ते पोरगी भरते."

तशात त्यांच्या इमारतीत स्मार्ट मीटर बसले. लेक सुट्टीवर आली होती. मीटरसोबत एक छोटा स्क्रीन मिळाला होता, तो तिनं टीव्हीशेजारी मांडला. घरात काही चालू केलं की आकडा चढायचा, बंद केलं की उतरायचा. तिच्या मोबाईलवरही तेच सगळं दिसायचं. मी माझ्या स्वभावाप्रमाणे नाक मुरडलं. "वजनकाट्यावर उभं राहून कुणी बारीक झालंय का?"

"नाही, काका," ती हसून म्हणाली, "पण काय खाल्ल्यानं वजन वाढतं ते तरी कळतं."

पोरगी खरी ठरली, हे मला कबूल केलं पाहिजे. गिझर सकाळी लावला की दुपारपर्यंत तसाच चालू राहतो, हे त्या आकड्यानं दाखवलं. फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालंय, म्हणून तो एकसारखा धापा टाकतोय, हेही कळलं. दोन्हींचा बंदोबस्त झाला आणि बिल खरोखर खाली आलं. वहिनी हरखून गेल्या. कामावरून आल्या की चपला काढायच्या आधी स्क्रीनसमोर उभ्या राहायच्या. "अहो, बघा, आज कालच्यापेक्षाही कमी!" पलंगावरून कडक मान डोलवायचा. वहिनींनी सगळ्या शेजारणींना आपापले स्क्रीन कपाटातून बाहेर काढायला लावले.

पुढचं बिल आणखी उतरलं. आता ना गिझरमध्ये काही बदललं होतं, ना फ्रिजमध्ये. पण कमी आलेल्या बिलाची चौकशी कोण करतो? जास्त आलं असतं तर आम्ही वीज कंपनीचं डोकं खाल्लं असतं.

चौकशी लेकीनं केली. तिनं मला दुकानात फोन केला. "काका, मोबाईलवर दिसतंय, दुपारी घरच्या विजेची रेघ एकदम खाली जाते. आई कामावर गेली की लगेच, आणि ती यायच्या जरा आधी पुन्हा वर येते. मशीन बंद पडतंय का? जरा बघून याल? आईला सांगू नका, घाबरेल."

मी कात्री होती तशी टाकून निघालो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाय ठेवला आणि कळलं, मशीनची घरघर नाही. कडक खुर्चीत बसला होता. नळी गळ्यात, मफलर टाकावा तशी. ओठ काळेनिळे. स्क्रीन मांडीवर घेऊन तो आकडा बघत होता.

"बिघडलंय?" मी विचारलं.

"नाही रे. ठेवलंय बंद."

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि मग एकेक शब्द सुटा सुटा काढत म्हणाला, "ओरडतोस काय. रात्रभर लावतो, सकाळी लावतो. आत भरपूर साठतं. मग बंद करतो. इस्त्री बंद केल्यावर चार रुमाल निघतात की नाही? तसंच. उरलेल्यावर दुपार निघते."

"छाती म्हणजे इस्त्री आहे का, गाढवा?"

"आकडा बघ ना, मास्तर. मशीन लावलं की किती चढतो." त्याला धाप लागली. थांबून म्हणाला, "घरात सगळ्यात जास्त खाणारा मीच निघालो."

मी मशीन चालू केलं, नळी त्याच्या नाकाला लावली. आकडा चढला. माझ्याकडे न बघता तो आकड्याकडे बघत राहिला. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून मी आणखीच ओरडलो.

वहिनींना सांगावंच लागलं. त्या संध्याकाळी त्या सवयीनं स्क्रीनकडे वळल्या, तेव्हाच मी सांगितलं. त्यांनी स्क्रीनची पिन काढली आणि तो कपाटात चादरींच्या खाली कोंबला. कामावर रजा टाकली. लेक धावत आली, बापाच्या पायाशी बसून म्हणाली, "बाबा, मी मग कमावते कशाला?" "चुकलं," तो म्हणाला. त्यानंतर त्यानं नळी काढली नाही, अगदी जेवतानाही नाही. पण हृदयानं तोवर हाय खाल्ली होती. थोड्याच आठवड्यांत दवाखान्यात नेलं, ते परत आणलंच नाही.

लेकीनं डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "प्रकृती आधीच खालावलेली होती. त्या दुपारींमुळेच झालं, असं सांगता येणार नाही. नाहीच झालं, असंही नाही." वहिनींनी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं.

"रोज संध्याकाळी मी त्यांना शाबासकी देत होते, मास्तर," त्या मला म्हणाल्या. "बघा, किती कमी झालं. रोज."

"तुम्ही मीटरचं कौतुक करत होतात, वहिनी."

"मीटरला काय कळतंय? ऐकत तर हे होते."

लोक मला अजून विचारतात, मास्तर, त्या मीटरनं खरंच पैसे वाचतात का हो? वाचतात, मी सांगतो. आमच्या कडकनं पुष्कळ वाचवले. मग ते विषय बदलतात आणि मला वाटतं, उगाच बोललो.

काल मशीन परत करायचं होतं. लेकीला सुट्टी मिळेना, म्हणून टेम्पो घेऊन मीच गेलो. जिन्यातच ती घरघर ऐकू आली. आत पलंग रिकामा होता. मशीन चालू होतं. नळी उशीवर नीट ठेवलेली, कपाटातला स्क्रीन बाहेर काढून शेजारी लावलेला, आणि त्यावर आकडा चढलेला. वहिनी स्टुलावर बसल्या होत्या.

"टेम्पो आलाय, वहिनी."

"चालू दे थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "येऊ दे किती यायचंय ते बिल."

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी खिडकीतून हातानं त्याला थांबायला सांगितलं आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं वहिनी उठल्या आणि त्यांनीच बटण बंद केलं. खोली गप्प झाली. आकडा खाली आला असणार, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही. मशीनच्या पाठीवर त्यांनी तळहात टेकवला.

"अजून गरम आहे, मास्तर."

मीही हात लावून पाहिला. होतं गरम. ते निवेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो, मग मी टेम्पोवाल्याला वर बोलावलं.