शिष्यवृत्तीचं बोट

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे. हे मी कुणी न विचारताही सांगते. आणि सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकले, हेही त्याच दमात सांगते. काही जण तो भाग गिळून टाकतात. मी नाही गिळत. गिळला तर माझ्या मायनं त्यासाठी काय केलं, तेही गिळावं लागेल.

शेवटच्या वर्षाला होते. कॉलेज वडशाला, गाव तिथून बसनं आत, जंगलाच्या अंगाला. रोवणीच्या दिवसांत मी दरवर्षी घरी यायचे आणि मायसोबत धानाच्या बांधीत उतरायचे. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी, आणि उजव्या अंगठ्यानं एकेक रोप चिखलात दाबत मागं मागं सरकायचं. माझा हात झपाट्याचा होता, गावातल्या बाया तसं म्हणायच्या. त्या वर्षी ऐन रोवणीत कॉलेजातून निरोप आला. शिष्यवृत्तीचा हप्ता मंजूर झालाय, पण सेतू केंद्रात जाऊन आधारवरून तो स्वीकारल्याची खूण द्यायची. तोवर फी जमा धरणार नाहीत, आणि फी जमा नसेल तर परीक्षेचा फॉर्म घेणार नाहीत.

मोबाइलवर आकडा येतो, तो सांगितला की हे काम होतं. पण माझ्या आधारला जोडलेला नंबर मोठ्या वडिलांच्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या फोनचा, आणि तो फोन केव्हाच तलावात पडलेला. राहिला अंगठा.

मशीनवर अंगठा ठेवला. दिवा लाल. पुसून ठेवला, लाल. दुसरा अंगठा, तोही लाल. केंद्रातल्या दादानं माझा हात उलटा करून पाहिला.

"ताई, बोटं दगडावर घासून आणली का?"

"रोवणी करून राह्यली न मी."

"मंग रोवणी बंद करा. कातडी भरून आली का या. पण मुदतीच्या आत या बरं."

घरी येऊन मायला सांगितलं. राशनच्या दुकानात तिचाही अंगठा उमटत नाही, बाबांचा लावावा लागतो. त्यावर ती नेहमी हसते, "मी मशीनले दिसतच नाई." त्या दिवशी मात्र हसली नाही. माझा हात चुलीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत बसली.

"उद्यापासून तू बांधीत उतराचं नाई."

"अन् रोवणी?"

"रोवणी आमी करून घेऊ. तुयी परीक्षा आमाले देता येते का?"

मग काय, भर रोवणीत मी घरात. भांडी घासायची नाहीत, धुणं नाही, शेणात हात घालायचा नाही. संध्याकाळी माय चिखलातून आली की आधी माझ्या बोटांना टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल चोळायची, मग स्वतःचे पाय धुवायची. तिचा तळवा इतका खरबरीत, की तेल असूनही चोळण्याचा आवाज यायचा.

"तुया हाताले लाव न थोडं," मी म्हणायचे.

"माया अंगठ्यावाचून कोन्तं कॉलेज अडून राह्यलं?"

दुपारी मी डबा घेऊन बांधीवर जायचे. बाया वाकून रोवताहेत आणि आपण कोरड्या कपड्यांत छत्री धरून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभं, मला कसंसंच व्हायचं. त्या काय सोडतात होय!

"का वं, पोरीच्या हाताले मेंदी लावली का?" शेजारच्या काकीनं मायला विचारलं.

"हो. सरकारी मेंदी हाय. सुकू द्या लागते."

सगळ्या हसल्या. मला राहवेना. चप्पल काढून एक पाय चिखलात टाकला, तर माय ओरडलीच.

"अवं, हाताचा अंगठा लागते, पायाचा नाई!" काकी तिला म्हणाली.

"पायाचाही मागतील एखाद दिवशी," माय म्हणाली, आणि माझ्याकडं वळली. "तू धुऱ्यावर राह्य."

मुदत संपत आली तेव्हा पुन्हा केंद्रात गेले. अंगठा लाल. दुसरा लाल. त्याच्या बाजूची बोटंही लाल. मला मायची वाकलेली पाठ दिसायला लागली. माझ्या वाटची रोवणीही तिनंच ओढली होती, आणि ती अशी वाया जाणार होती. डोळे भरून आले.

"रडता काऊन ताई? अजून बोटं हायेत न," दादा म्हणाला, आणि एकेक बोट धरून मशीनवर ठेवत गेला. डाव्या हाताचं, करंगळीजवळचं बोट ठेवलं तेव्हा दिवा हिरवा झाला.

बसमधून उतरले ती थेट बांधीवर. धुऱ्यावरूनच ओरडले, "माय, झालं! आता परीक्षेचा फॉर्म घेतील!"

बाया उभ्या झाल्या. मायनं कमरेवर हात ठेवला. "आला का अंगठा?"

"अंगठा नाई आला. हे आलं." मी बोट वर केलं.

"बाप्पा! अंगठी घालाचं बोट शिक्षणातच गेलं वं हिचं," काकी म्हणाली आणि पुन्हा हशा उसळला.

माय हसली नाही. धुऱ्याशी आली. पदराचं एक टोक कोरडं होतं, त्यानं माझं ते बोट पुसलं. त्याला काही लागलेलं नव्हतं, तरी पुसलं. मग पऱ्ह्यांची पेंढी माझ्यापुढं धरली.

"उतर आता. हे बोट मातर पुढच्या हप्त्यासाठी राहू दे."

मी उतरले. दिवस मावळेपर्यंत मायच्या बाजूला रोवत राहिले, पेंढीपासून ते एक बोट वेगळं, ताठ धरून.