इंदूआत्याचे साक्षीदार

आमची इंदूआत्या कोणावर रागावली की भांडत नसे, अबोला धरत नसे; त्या माणसाला ती आपल्या मृत्युपत्राचा साक्षीदार करत असे. ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नये, असं वकिलांनी तिला कधीतरी सांगितलं होतं. तिनं ते पक्कं धरलं. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरी चहा देता देता ती गोडीत म्हणायची, "ये न बाप्पा, एक सही कर." की समजायचं, आपला पत्ता कटला.

प्रश्न होता अभनपूरजवळच्या आमराईचा. आजोबा त्या गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदारच. त्यांनी मृत्युपत्रात मुलांना शेतं दिली, पण आमराई आणि तिच्यातलं कौलारू घर लेकीला. मुलांनी आपापला वाटा यथावकाश विकून खाल्ला. आत्यानं लग्न केलं नाही आणि आमराईतलं पानही विकलं नाही. "माह्या बापानं मले झाडं देल्ली, नोटा नाही," हे तिचं पालुपद.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, अभनपूरच्या रस्त्यावर दलालांच्या गाड्या धावू लागल्या आणि आत्याला अचानक भाचरं फुटली. कोणी गुडघ्यांना तेल आणलं, कोणी गरम शाल. आत्या सगळं ठेवून घ्यायची आणि दर दिवाळीला फराळानंतर नवं मृत्युपत्र करायची. वकील बिचारे चकली तोंडात धरूनच लिहायला बसत. धाकट्या काकांनी चिवड्याला नाव ठेवलं: साक्षीदार. त्यांच्या सुनेनं आत्याला 'आंटी' म्हटलं: साक्षीदार. एक भाऊजी तर सहीच्या भीतीनं उजव्या हाताला बँडेज बांधून आले. आत्यानं शाईचं पॅड पुढे सरकवलं. "अंगठा चालते."

आमराई विकण्याची सगळ्यांत घाई माझ्या चुलतभावाला, दिलीपला. "आत्या, रेट तो देखो!" म्हणत तो सारखा नवा दलाल घेऊन यायचा. माझा मात्र त्या झाडांवर जीव होता; लहानपणच्या साऱ्या सुट्ट्या तिथंच गेल्या होत्या. आत्यानं मला कधी सही मागितली नव्हती, आणि मी मनातल्या मनात तिथल्या ओसरीला रंगही देऊन टाकला होता.

शेवटच्या आजारात तिनं वकिलांना बोलावलं आणि मग मला. "ये वं पोट्टी, सही कर."

"काहून आत्या? मी काय केलं?"

"काही नाही केलं."

"मंग कोणाले देऊन राहिली?"

"दिलीपले."

"अवं, तो उद्याच विकून टाकीन!"

आत्या इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. "त्यानं लहानपणची फुटकी पाटी तरी फेकली काय आजवर? दुसऱ्याचं विकाले सांगते तो. सोताचं झालं की कैरीबी नाही देणार. तू त जो रडत येईन त्याले वाटून देशील. तुह्या हातात नाही टिकत वं ते."

मी अशी रागारागानं सही केली की कागदाला भोक पडलं.

थोड्याच दिवसांत आत्या गेली. मी खूप रडले, आणि रडतानाही तिच्यावर चिडलेलीच होते. दिवसकार्य आटोपल्यावर दलाल आमराईत पोचला, तर फाटकाला नवंकोरं कुलूप, आणि आत दिलीप. "इतने सस्ते में कौन देता है?" दलालानं भाव वाढवला. दिलीपला वाटलं, अजून वाढेल. आता वस्ती पार तिथवर आली, भाव कुठच्या कुठे गेला, आणि दिलीपला तो अजून कमीच वाटतो. आमराई आहे तशी उभी आहे.

मागच्या उन्हाळ्यात गेले होते. ओसरीवर त्यानं मला आमरस वाढला, अर्धी वाटी. मी म्हटलं, "दिलीप, एवढे आंबे पिकले, शेजारीपाजारी वाट न थोडे."

तो आत गेला, एक कागद घेऊन आला, पेन माझ्या हातात दिलं आणि अगदी आत्याच्या गोडीत म्हणाला, "दीदी, यहाँ एक सही कर दो."

हसता हसता माझे डोळे भरून आले. या वेळी मात्र सही सुरेख आली. कागदाला भोक पडलं नाही.