मोकळी स्क्रीन, भलतं लेबल

स्क्रीन गोठली, म्हणून ‘लेबल’ हे बटण मी आणखी चार-पाचदा दाबलं. प्रोग्राम मीच लिहिलेला. हँग झाला तर बटण बडवू नका, असं गिऱ्हाइकांना बजावणाराही मीच. थोड्या वेळाने प्रिंटर जागा झाला आणि ‘साठे, पुणे’ अशी लेबलं एकामागून एक ओकायला लागला.

“सगळी बाग साठ्यांच्याच घरी पोचवायचीय काय रे?” दामूअण्णांनी विचारलं.

पालीजवळ अण्णांची हापूसची बाग आहे. पेट्या थेट पुण्यात घरोघरी जातात. टेम्पो अंगणात उभा होता. पेटीवर भलतं नाव गेलं, तर पाच डझन मागवणाऱ्याच्या दारात दोन डझन जाणार आणि अण्णांचं वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक तुटणार.

दुखणं साधं होतं. प्रत्येक पेटीचा पार्सल नंबर ट्रान्सपोर्टवाल्याच्या सर्व्हरवरून यायचा, आणि अण्णांच्या शेडमध्ये इंटरनेट आपल्या मर्जीने चालतं. थ्रेड म्हणजे एका वेळी एकच काम करणारा गडी समजा. स्क्रीन दाखवणारा आणि तुमचे क्लिक ऐकणारा गडी एकच असतो, आणि मी त्यालाच नंबर आणायला धाडलं होतं. दुकानात माणूस एकटा, आणि तोच पोस्टाच्या रांगेत! माझे क्लिक बिचारे ओट्यावर बसून राहिले. तो परतल्यावर त्याने प्रत्येकाला इमानाने एकेक लेबल दिलं.

तिथेच, आंब्याच्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून, नंबर आणायचं काम मी वेगळ्या बॅकग्राउंड थ्रेडकडे दिलं. दुसरा गडी पोस्टात, पहिला दुकानात. स्क्रीन कुठे अडेना. अण्णांची सून मीनल कॉम्प्युटरवर बसली. मी चहा घेऊन पाय पसरले.

“काका, जरा इकडे या. गोखल्यांचं लेबल मागितलं, लेल्यांचं आलं.”

“दोनदा दाबलंस का?”

“दोनदा दाबणारे तुम्ही. मी एकदाच दाबते.”

अण्णा खो खो हसले.

“अण्णा, पेट्या चढवायच्या थांबवा,” मी म्हटलं.

“चढलेल्या?”

“उतरवा. सगळ्या.”

अण्णांचं हसू गेलं. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

मी मीनलच्या मागे उभा राहून बघू लागलो. बटण दाबलं की ती नंबराची वाट बघायची नाही. लगेच पुढच्या पेटीचं नाव निवडायची. पेट्या भरणारे हात थांबत नाहीत, तर ती कशी थांबेल? स्क्रीन मोकळी करून ही मुभा तिला मीच दिली होती. माझा नवा गडी मात्र नंबर घेऊन आला की त्या क्षणी स्क्रीनवर दिसेल ते नाव छापायचा. नंबर गोखल्यांचा, नाव लेल्यांचं.

आता बटण दाबल्याबरोबर नाव आणि डझन यांची प्रत त्या गड्याच्या हातात द्यायची. परतल्यावर त्याने स्क्रीनकडे बघायचंच नाही. बदल जेमतेम चार ओळींचा. पेट्यांची लेबलं बदलायला मात्र अण्णांचं सगळं घर लागलं, त्यात मीही आलो. टेम्पो दिवेलागणीला सुटला. पुण्याहून तक्रार आली नाही.

अण्णा एवढंच म्हणाले, “आता हंगाम संपेपर्यंत काही सुधारू नकोस बाबा.”

काम दुसऱ्याकडे सोपवताना काय ते एकदाच पक्कं सांगावं, मधेच बदलू नये. घरी जेवताना हा धडा मी बायकोला मोठ्या तोऱ्यात ऐकवला.

आमटी वाढता वाढता ती म्हणाली, “चौघांच्या भाताचं आधण ठेवलं की तुमचा फोन येतो, ‘अगं, आणखी दोघं येतायत.’ तेव्हा कुठे जातं हो हे ज्ञान?”