पाळीखालचं गढूळ पाणी

ऐंशीच्या दशकात मी सौंसरजवळच्या एका मँगनीजच्या खाणीवर ओव्हरसियर होतो. खनिज धुतलं की काळपट राड उरायची. ती पाइपाने एका तलावात सोडायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळलेलं पाणी पुन्हा धुलाईला घ्यायचं, अशी व्यवस्था होती. तलावाची मातीची पाळ मी येण्याआधीच, घाईघाईत बांधलेली. तिच्याखाली खोल चर खणून त्यात चिकणमाती ठोकून भरायला हवी होती, म्हणजे पाणी जमिनीतून पलीकडे झिरपलं नसतं. ते काम राहूनच गेलं होतं.

पाळीच्या खालच्या अंगाला नाला होता, आणि नाल्यापलीकडे माझ्या सासऱ्यांचा संत्र्यांचा बगीचा. त्या पावसाळ्यात त्यांच्या विहिरीचं पाणी काळसर झालं. धुतलेल्या धोतरावर डाग पडू लागले. सासूबाई पिण्याचं पाणी गावातून आणायच्या. मामाजी, म्हणजे माझे सासरे, माझ्याशी बोलेनासे झाले. चराची गोष्ट मी मॅनेजरसाहेबांकडे काढली होती. पाऊस संपल्यावर पाहू, असं ते म्हणाले होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाळीवर गेलो. पाऊस बराच झाला होता आणि तलाव काठोकाठ येत चालला होता. बहुतेक मजूर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, पाहायला पांढुर्ण्याला गेलेले, साहेब सणासाठी नागपूरला. पाळीच्या पायथ्याशी एका जागी नेहमीच ओल असायची, थोडं नितळ पाणी पाझरायचं. आज तिथे झरा उसळत होता. ओंजळीत पाणी घेतलं तर गढूळ. बोटं चोळली, माती लागली.

नितळ पाणी झिरपलं तर त्यात विरघळलेल्या मँगनीजने खालच्या विहिरी बिघडतात, पण पाळ उभी राहते. गढूळ पाणी म्हणजे पाळीची माती आतून वाहून चालली होती. पाळ फुटली तर ती सगळी राड नाल्यातून बगिच्यांत आणि वस्तीत शिरणार.

मी धावत धुलाईच्या शेडमध्ये गेलो आणि तलावात आणखी राड पडू नये म्हणून मशीन बंद करायला सांगितलं.

ऑपरेटर घाबरला. "साहेबांना विचारल्याबिगर कसं बंद करू? मलेच धरतीन."

"मी बंद केलं म्हणून सांगा," म्हणालो आणि स्विच खाली ओढला. नागपूरचा फोन लागत नव्हता. तलावातलं वरचं पाणी पंपाने खडकातल्या एका जुन्या, सोडून दिलेल्या खड्ड्यात उपसायला लावलं. नाल्यात सोडणं सोपं होतं, पण तेच पाणी खालच्या लोकांच्या तोंडी गेलं असतं.

चौकीदार झऱ्याच्या तोंडावर मातीची टोपली ओतायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. इथे बुजवलं तर पाणी दुसरीकडून फुटलं असतं. पाणी जाऊ द्यायचं, माती मात्र अडवायची. त्यासाठी आधी वाळू, तिच्यावर गिट्टी, मग मोठे दगड. ट्रॅक्टरचा ड्रायव्हरही गोटमारीला गेलेला. मी नाला ओलांडून गावात गेलो.

मामाजी ओट्यावर बसले होते. समोर रंगवलेल्या शिंगांचे बैल रवंथ करत होते.

"मामाजी, वाळू-दगड वाहायला बैलबंड्या पाहिजेत. पाळ खचून राहिली आहे."

"सणाचे बैल कोनी जुंपते काय, जवाईबुवा?" ते म्हणाले. "आन आमची विहीर खराब झाली तवा तुमी कोठी होते?"

मी म्हणालो, "चर होईपर्यंत धुलाई सुरू होऊ देणार नाही."

"तुमच्या हाती हाय काय ते?"

"नाही. पण आज बंद करून आलो."

ते मुलाकडे वळून म्हणाले, "जुंप."

त्यांच्या बैलगाडीमागे आणखी बंड्या निघाल्या. पुरुष नाल्यातली वाळू भरत होते, बायका टोपल्या वाहत होत्या. पहिली वाळू झऱ्याने उधळून लावली. पुन्हा टाकली. कडेने पाणी फुटलं, तिकडेही टाकली. भुरभुर पाऊस सुरूच होता आणि माझी नजर सारखी पाळीच्या माथ्याकडे जात होती. दुपार कलल्यावर गिट्टी आणि दगड पडले तेव्हा उसळी दबली. माझ्या मेहुण्याने चहाच्या ग्लासात पाणी धरून उजेडाकडे नेलं. अजून गढूळच होतं. आम्ही दगड टाकत राहिलो. अंधार पडायच्या आधी ग्लासातून पलीकडची बोटं स्पष्ट दिसली, तेव्हा मी तिथेच चिखलात बसलो.

साहेब परतले ते रागानेच. कोणाला विचारून मशीन बंद केली, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी त्यांना पायथ्याशी नेलं. धुलाई पुन्हा सुरू होऊ नये म्हणून तिथे गावकरी बसलेले होते आणि उठायला तयार नव्हते. साहेबांनी वाकून दगडांतून येणारं पाणी पाहिलं आणि मशीन सुरू करा असं काही म्हटलं नाही. धुलाई बंदच राहिली.

दिवाळीनंतर चर खणला गेला. झिरपलेलं पाणी गोळा करून परत तलावात टाकायला पायथ्याशी नालीही काढली. विहीर पुन्हा पुन्हा उपसल्यावर डाग गेले, पण सासूबाईंनी ते पाणी काही तोंडाला लावलं नाही. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. ती शिक्षा होती की काय, हे मला कोणी सांगितलं नाही.

चराचं काम चाललं तेव्हा मामाजी रोज काठावर येऊन बसायचे. चिकणमातीचा थर पडला की म्हणायचे, "ठोका, आनखी ठोका." मजूर वैतागायचे. मी मात्र त्यांना तिथून उठवलं नाही.