अंडी फिरवू नयेत

घरात साप पाळतो म्हटल्यावर लोक माझ्याकडे कसे बघतात ते मला पाठ आहे. माझे कॉर्न स्नेक बिनविषारी, रीतसर कागदपत्रं असलेले, आणि स्वभावाने माझ्याहून शांत. आईला मात्र हे पटेना. जेऊरजवळच्या गावाहून ती सोलापूरला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा पंधरा दिवस तिने सापांच्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही.

मग मादीने चौदा अंडी घातली आणि आई बदलली. "लेकुरवाळी झाली की रं ही!" म्हणत आत आली. मी डब्यात ओलसर कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या भुशावर, अंडी मांडत होतो, प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करत होतो. ती शेजारी बसून बघत होती. खूण कशासाठी, हे मी सांगितलं नाही. तिला काय कळणार, असं वाटलं.

आठवड्याने कंपनीने मला दहा दिवस पुण्याला पाठवलं. डबा आईवर सोपवला. कोकोपीट सुकलं तर कडेने पाणी घाल, खोली तापली तर कूलर लाव, एवढं सांगितलं. रोज फोनवर ती उत्साहाने म्हणायची, "समदं झ्याक हाय."

परतलो तर अंडी पिवळी पडून खचलेली. एकही खूण वर नव्हती. सापाचं अंडं एकदा ठेवलं की हलवायचं नसतं, उलटलं तर आतलं पिल्लू मरतं. आईने आयुष्यभर कोंबड्या बसवल्या होत्या. कोंबडी फिरवते तशी तिने ही अंडी रोज दोनदा फिरवली होती.

"नसता शहाणपणा कुणी सांगितला होता? मारलीस सगळी!" मी ओरडलो.

"एका अंगावर पडून पिलू चिकटतंय रं," एवढंच ती म्हणाली.

चौथ्या दिवशी ती गावाला निघाली. स्टेशनवर मी पाण्याची बाटली घेऊन दिली, खिडकीपाशी उभा राहिलो. चूक माझी होती, हे काही तोंडातून निघालं नाही. त्या ताठ्याची मला अजून लाज वाटते.

यंदा नऊ पिल्लं निघाली. न राहवून आईला व्हिडिओ कॉल लावला. अंड्यातून डोकं काढणारं पिल्लू ती चष्मा लावून बघत राहिली, हसली.

"लई ग्वाड हाय," म्हणाली. "बरं झालं बाबा, औंदा मी तितं न्हवते."