एअरबॅगच्या जागी टॉवेल

विमल सिस्टरना कोणी "असंच असतं हो" म्हणालं की त्या खिशातून पेन काढायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "तुमचं पूर्न नाव सांगा की." आवाज चढवायच्या नाहीत. एकदा दवाखान्यात ऑक्सिजनची सिलिंडरं अर्धी रिकामी आली. पुरवठादाराचा माणूस म्हणाला, "मॅडम, वाटेत थोडं कमी होतंच, असंच असतं." सिस्टरनी नाव विचारलं, गावही विचारलं. दुपारच्या आत भरलेली सिलिंडरं आली. बहुतेकांना नाव सांगण्यापेक्षा काम करून टाकणं सोपं वाटायचं.

माढा तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात त्या परिचारिका होत्या आणि मी औषधनिर्माता. राहायला दोघंही सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागात. त्यांचा जन्म माळशिरसकडच्या एका खेड्यातला. तीस वर्षं नोकरी करूनही त्यांची बोली बदलली नव्हती आणि बदलावी असं त्यांना कधी वाटलंही नाही. नवरा लवकर गेला. एकच मुलगी, स्वाती, एका शाळेत गणित शिकवायची. मी सिस्टरांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. रुग्णांसमोर त्या मला "जाधव सर" म्हणायच्या, एरवी "जाधवा."

मी नोकरीत नवा असतानाची गोष्ट. एका म्हातारीला मी खोकल्याची बाटली दिली. तिची मुदत संपायला चारच दिवस उरले होते. सिस्टरनी ती बाटली म्हातारीच्या हातातून घेतली आणि माझ्या खिडकीत ठेवली. "तिला वाचता येत न्हाय म्हनून दिलीस न्हवं?" त्या म्हणाल्या. "तिला येत न्हाय, पन तुला येतंय की. मंग जबाबदारी कुनाची?" मी बाटली बदलून दिली. ज्याला माहीत आहे त्यानं सांगितलंच पाहिजे, याबाबतीत त्यांच्याकडे सवलत नव्हती.

निवृत्तीला तीन-चार वर्षं असताना त्यांनी जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. ड्युटीच्या वेळा आणि बसच्या वेळा जुळत नव्हत्या. मी त्यांच्याबरोबर गेलो. शहराबाहेरच्या रस्त्यावर पत्र्याची मोठी शेड, खाली धुऊन पुसून उभ्या केलेल्या गाड्या. मालक पांढऱ्या शर्टातला, अतिशय गोड बोलणारा. त्यानं दोन गाड्या दाखवल्या. एक स्वस्त होती, पण तिला एअरबॅग नव्हती. दुसरी सात वर्षं वापरलेली, दोन एअरबॅगवाली. सिस्टरनी दुसरी निवडली. "स्वातीबी चालवनार हाय," त्या म्हणाल्या. "दोन हायत म्हंजे बरं."

मालकानं आदल्या दिवशीच त्यांच्या मोबाइलवर या गाडीचे फोटो पाठवले होते. खाली लिहिलं होतं, 'विनाअपघात, दोन एअरबॅग, सर्व काही ओके.' पावतीवर मात्र एका कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलं होतं, 'गाडी जशी आहे तशी विकली. नंतर कोणतीही तक्रार चालणार नाही.' सिस्टरनी त्यावर बोट ठेवलं. "जशी हाय तशी म्हंजे कशी हाय? ते लिवा की." मालक हसला. "ताई, सगळ्यांच्या पावतीवर असतं ते. गाडीवर एक ओरखडा दाखवा." ओरखडा खरंच नव्हता. मीच म्हणालो, "सिस्टर, घ्या आता." ते माझे शब्द मला आजही टोचतात.

वर्षही झालं नव्हतं. अक्कलकोट रस्त्यावर भर दुपारी स्वातीच्या पुढच्या ट्रॅक्टरनं अचानक ब्रेक मारला आणि तिची गाडी ट्रॉलीवर आदळली. वेग फार नव्हता. पट्टा लावलेला होता. तरी तिचा चेहरा स्टिअरिंगवर आपटला, जबडा मोडला आणि चष्म्याची काच डाव्या डोळ्यात गेली. डॉक्टरांनी दोनदा शस्त्रक्रिया केली. त्या डोळ्याची नजर आली नाही.

सिस्टर पंधरा दिवस मुलीच्या खाटेजवळ बसून होत्या. मी डबा घेऊन जायचो. एके दिवशी त्या एकदम म्हणाल्या, "जाधवा, पट्टा लावला व्हता. मंग एअरबॅग कुटं गेली?"

गाडी ओढून नजीरभाईंच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवली होती. नजीरभाई हाडाचे मिस्त्री, कमी बोलणारे. त्यांनी स्टिअरिंगच्या मधलं झाकण स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं आणि हात तसाच धरून थांबले. आत एअरबॅग नव्हती. घडी घालून ठेवलेला एक टॉवेल होता. आपल्या सोलापुरातच विणला जातो तसला, निळ्या काठाचा. झाकण दाबलं तर पोकळ लागू नये म्हणून ठेवलेला. नजीरभाईंनी मग डॅशबोर्ड उघडला. एअरबॅग नसली की जो लाल दिवा पेटून राहतो, त्याच्या वायरी तोडून दुसरीकडे जोडल्या होत्या. म्हणजे आधी कधीतरी या गाडीचा मोठा अपघात झाला होता, एअरबॅग उघडून संपल्या होत्या आणि कोणीतरी सावकाश बसून, विचार करून, हे सगळं केलं होतं.

सिस्टरनी टॉवेल हातात घेतला. उलटसुलट करून पाहिला. "धुतलेला हाय," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी नजीरभाईंकडे हे सारं लेखी मागितलं. नजीरभाई मान खाली घालून म्हणाले, "सिस्टर, तोंडाने हजार बार बोलूंगा. लिखने को मत बोलो. मेरा सारा काम इसी बाजार का है." सिस्टर त्यांच्यावर चिडल्या नाहीत. टॉवेल पिशवीत घातला आणि आम्ही थेट शेडवर गेलो.

मालकानं खुर्ची दिली, पाणी मागवलं. सगळं ऐकून म्हणाला, "फार वाईट झालं ताई. पण आम्हीही गाडी दुसऱ्याकडूनच घेतली. आम्हाला काय माहीत? शेवटी नशीब असतं."

"नशिबानं टॉवेल ठिवला व्हय?" सिस्टरनी विचारलं. मालकानं पावतीवरची ती बारीक ओळ दाखवली.

पुढच्या महिन्यांत मी माणसांना जसं बोलताना ऐकलं, त्याची चीड माझ्या मनातून अजून जात नाही. पोलीस चौकीत सांगितलं, अपघात ट्रॅक्टरचा, गाडीचं काय ते दिवाणीत बघा. शेजारी म्हणाले, जुनी गाडी घ्यायचीच कशाला. दवाखान्यातला एक सहकारी म्हणाला, घेताना नीट बघायला नको का? सगळे प्रश्न सिस्टरना. ज्यानं टॉवेल कोंबला, ज्यानं दिव्याची वायर तोडली, ज्यानं 'दोन एअरबॅग' असं लिहून पाठवलं, त्याला कोणी एक प्रश्न विचारला नाही. गाडी घेताना स्टिअरिंग फोडून आत कोण बघतं? आपल्याकडे फसवणाऱ्याला हुशार म्हणतात आणि फसलेल्याला बावळट, आणि हे इतक्या सहज म्हणतात की फसलेला माणूसच शरमेनं गप्प बसतो.

सिस्टर गप्प बसल्या नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला वकील लावावाच लागतो असं नाही, हे त्यांनी आयोगाच्या कार्यालयात जाऊन विचारून घेतलं. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, हेही विचारलं. नवी असो वा जुनी, दुकानदारानं पैसे घेऊन वस्तू विकली की घेणारा ग्राहकच, आणि दोष लपवून, खोटं सांगून विकणं ही कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा, हे त्यांनी पाठ केलं. तक्रार त्या सांगायच्या, मी दवाखान्याची वेळ संपल्यावर टाइप करायचो. तिथल्या भाषेत ज्याच्याविरुद्ध तक्रार असते त्याला 'सामनेवाला' म्हणतात. सिस्टरना या शब्दाची गंमत वाटायची. "सामने कुटं येतोय त्यो? दर खेपंला वकील पाठवतोय."

तारखा पडत राहिल्या. कधी मालकाचा वकील आजारी, कधी उत्तर तयार नाही. सिस्टर प्रत्येक वेळी रजा टाकून, टॉवेलची पिशवी घेऊन जायच्या. गाडी नजीरभाईंच्या गॅरेजमागे तशीच उभी होती.

मग एका रविवारी सकाळी मालक स्वतः सिस्टरांच्या घरी आला. हातात पेढ्यांचा पुडा. मीही तिथं होतो. तो म्हणाला, "ताई, भांडण वाढवून काय मिळणार? गाडीची पूर्ण किंमत देतो. मुलीच्या औषधपाण्याचंही बघतो. तुम्ही तक्रार मागं घ्या आणि गाडी आमच्या ताब्यात द्या." मला हायसं वाटलं. स्वातीच्या जबड्यावर आणखी एक शस्त्रक्रिया व्हायची होती.

सिस्टरनी विचारलं, "गाडी न्हेऊन काय करनार?"

"दुरुस्त करून काढून टाकू. गिऱ्हाईक काय, असतंच."

"एअरबॅग नवी बसवनार?"

मालक मोकळेपणानं हसला. "ताई, तेवढा खर्च कोण करतं त्या गाडीवर?"

सिस्टर उठल्या. पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात परत दिला आणि दार उघडून उभ्या राहिल्या. तो गेल्यावर मी त्यांना समजावू लागलो. घ्या म्हणालो, स्वातीसाठी घ्या, लढून थकाल. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "घेते की. मंग दुसऱ्या कुनाच्या पोरीचा डोळा जाऊ दे म्हन." आतल्या खोलीतून स्वाती बाहेर आली होती. ती आईशेजारी जाऊन बसली. मी मान वर करू शकलो नाही.

दोन दिवसांनी मी गॅरेजवर गेलो तेव्हा हे नजीरभाईंना सांगितलं. ते हातातला पाना पुसत राहिले. त्या आठवड्यात ते माढ्याला दवाखान्यात आले, रुग्णांच्या रांगेत उभे राहिले आणि नंबर आल्यावर सिस्टरना म्हणाले, "तुम दे देते तो वो गाडी रंगने को मेरेच पास आती थी, सिस्टर. मैं रंग मारके देता था. लाव, कहां लिखना है?"

त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं. झाकण, टॉवेल, तोडलेली वायर, आधीच्या अपघाताच्या वेल्डिंगच्या खुणा, सगळं. त्यानंतर जुन्या गाड्यांच्या बाजारातलं एकही काम त्यांच्याकडे आलं नाही. आता ते रिक्षा दुरुस्त करतात.

शेवटच्या सुनावणीत सामनेवाल्याचे वकील म्हणाले की गाडी सात वर्षं वापरलेली होती, जुन्या वस्तूत झीज ही गृहीतच असते. सिस्टर उभ्या राहिल्या. पिशवीतून टॉवेल काढून टेबलावर ठेवला. "सायब, टायर झिजलं तर मी बोलले नसते. क्लच गेला तरी बोलले नसते. पन एअरबॅग झिजून तिचा टॉवेल होत न्हाय." अध्यक्षांनी टॉवेल हातात घेऊन पाहिला. मग मोबाइलवरचा तो संदेश वाचला आणि वकिलांना विचारलं की सगळं जसं होतं तसंच विकलं असेल, तर हे दोन एअरबॅगचं कोणी लिहिलं. वकिलांनी पुढची तारीख मागितली. ती मिळाली नाही.

निकाल सिस्टरांच्या बाजूनं जाणार हे दिसत होतं, पण एक अडचण होती. किंमत परत हवी असेल तर गाडी परत द्यावी लागेल, असं आयोगानं सांगितलं. ते रीतीला धरूनच होतं. सिस्टरनी तिथंच लिहून दिलं की किंमत नको, फक्त मुलीच्या इजेची भरपाई द्यावी. आयोगानं भरपाई मंजूर केली. पावतीवरची ती बारीक ओळ लपवलेल्या दोषाला झाकू शकत नाही, असं निकालपत्रात स्पष्ट लिहिलं.

गाडी आम्ही पुण्याकडच्या एका सरकारमान्य भंगार केंद्रात नेली. तिथल्या माणसानं सीट, टायर काढून घेऊ का विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "समदं घ्या. स्टेरिंग तेवढं माझ्यासमोर कापा." त्यानं कापलं. चॅसिसचा नंबर असलेला पत्र्याचा तुकडाही कापून दिला, तो नोंदणी रद्द करायला लागतो. येताना एसटीत त्या झोपून गेल्या. इतकी वर्षं बरोबर प्रवास केला, पण त्यांना झोपलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मालकानं भरपाई दिली नाही. राज्य आयोगात अपील केलं. शेडवरची पाटी बदलून दुसऱ्या नावाची लावली, गाड्या त्याच जागी उभ्या राहिल्या. अपिलाची तारीख लागण्यापूर्वीच विमल सिस्टर गेल्या. निवृत्तीला जेमतेम सात महिने झाले होते. सकाळी चहा करताना छातीत दुखलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

वारस म्हणून स्वातीचं नाव लागलं. सुनावणीला मी तिच्याबरोबर गेलो. मालकाचे नवे वकील बरेच हुशार होते. त्यांनी आवाजात योग्य तेवढी हळहळ आणली आणि म्हणाले, मूळ तक्रारदार दुर्दैवानं हयात नाहीत, तेव्हा या प्रकरणात आता फारसं काही उरलेलं नाही.

स्वाती उभी राहिली. तिनं काळा चष्मा काढून हातात धरला.

"साहेब, तक्रार आईची होती," ती म्हणाली. "डोळा माझा गेलाय. मी इथं उभी आहे."

सदस्यांनी वकिलांना विचारलं, आणखी काही मुद्दा आहे का. वकिलांनी कागद चाळले, मागे बसलेल्या मालकाकडे पाहिलं. मालक मोबाइलमध्ये बघत होता. अपील त्याच दिवशी फेटाळलं गेलं.